बोरखिंड विनाथांबा

“मग लग्नाचं काय ठरवलंत, बाई?” खाडे ड्रायव्हरनी मला असं विचारलं तेव्हा माझ्या हातात वांगं होतं.

सोमवारचा बाजार, भर अकराची वेळ. समोर वांगीवाली, तिच्या शेजारी मिरचीवाली, आणि दोघींचे कान टवकारलेले.

“कुणाच्या लग्नाचं?” मी विचारलं.

“आपल्या.”

वांगं हातातून सुटलं आणि मिरच्यांत जाऊन पडलं. मिरचीवालीनं ते उचललं, पदराला पुसलं, आणि परत द्यायचं सोडून तसंच हातात धरून बसली. तिला पुढचं ऐकायचं होतं.

“अहो ड्रायव्हर, शुद्धीवर आहात का? तुम्ही मला कधी विचारलंत म्हणून मी ठरवायचं?”

“मागच्या सोमवारी विचारलं की. हितंच. कोथिंबिरीपाशी.”

“मागच्या सोमवारी तुम्ही विचारलंत, बाई, एकट्यानं जेवायचा कंटाळा येत नाही का. मी म्हटलं, येतो. याला मागणी म्हणतात होय?”

“मग कशाला म्हणतात?” खाडे अगदी गंभीरपणानं म्हणाले.

आता हे खाडे कोण आणि मी कोण, ते सांगते. मी सुगंधा मोहिते. तेव्हा एकसष्ट वर्षांची, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेली. माझा नवरा डेपोत मेकॅनिक होता. तो गेला तेव्हा मुलगी चौथीत होती. त्याच्या जागी मला लावून घेतलं आणि माझ्या गळ्यात चामड्याची बॅग आली. खाडे माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. त्यांची बायको त्याच्याही आधी गेलेली, एक लेक, ती सांगलीला दिलेली. अकरा वर्षं आम्ही दोघं एका गाडीवर होतो. त्यांचं तोंड रस्त्याकडं आणि माझं तोंड त्यांच्या पाठीकडं. सिंगल बेल दिली की थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. अकरा वर्षांत त्या माणसानं माझ्या डबल बेलशिवाय चाक हलवलं नाही. एकदा मी स्टँडवर पाणी भरत बसले तर पंचेचाळीस पॅसेंजर ओरडत होते आणि हे आपले शांतपणे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

डेपोतले सगळे ड्रायव्हर माझे भाऊ. पवारभाऊ, शेखभाऊ, गुरवभाऊ. राखीपौर्णिमेला अठरा राख्या घेऊन जायचे आणि एकही परत आणायचे नाही. खाडे मात्र त्या दिवशी कधी सापडले नाहीत. दर वर्षी नेमके कुठल्या तरी लांबच्या गावी मुक्कामाच्या गाडीवर. ओवाळणी वाचवतोय चिकट माणूस, असं मी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे.

तर हा चिकट माणूस भर बाजारात मला लग्नाचं विचारत होता. मी घाबरले. खोटं कशाला बोलू? आनंद झाला की भीती वाटली, तेच मला कळेना. एकसष्टाव्या वर्षी हळद लावून घ्यायची? लेक काय म्हणेल, जावई काय म्हणेल, आणि ही मिरचीवाली तर संध्याकाळपर्यंत सात गावांत काय काय म्हणेल! माझी नजर इकडंतिकडं फिरली आणि त्यांच्या सायकलवर पडली.

त्या सायकलचं असं होतं, की ती खाडे चालवत नसत. बत्तीस वर्षं क्लच दाबून डावा गुडघा पार गेलेला. पायडल मारवत नसे. पहिल्या पगारातून घेतलेली बावीस इंची काळी सायकल ते नुसती हातात धरून फिरवत. काठीसारखा आधार व्हायचा आणि भाजीच्या पिशव्या अडकवायला हँडल मिळायचं.

“ठरवलंय,” मी म्हटलं. “या सायकलवर मागं मला बसवा आणि बोरखिंड चढवा. चार किलोमीटर चढ, सात वळणं. खिंडीत गजराबाईच्या हॉटेलापर्यंत पोचेस्तोवर माझा पाय जमिनीला लागता कामा नये. पोचवलंत तर हो. पाय लागला तर विषय संपला, पुन्हा काढायचा नाही.”

दोघी भाजीवाल्या खदाखदा हसल्या. मीही हसले. मला वाटलं, खाडेही हसतील आणि गोष्ट हसण्यावारी जाईल. बोरखिंडीत आमच्या एसटीचं तोंड वाफ सोडायचं. तिथं हा गुडघेदुखीचा माणूस सायकल काय चढवणार?

खाडे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “विनाथांबा?”

“विनाथांबा.”

“बरं,” ते म्हणाले, सायकल वळवली आणि गेले. माझं वांगं मिरचीवालीच्या हातातच राहिलं.

तीन दिवसांनी फोन आला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. “बाई, तुमचं वजन किती?”

“काय बोलताय? बाईमाणसाला असं विचारतात?”

“कामासाठी पाहिजे.”

आता कुठल्या बाईनं खरं सांगितलं असतं? तेही लग्नाचं विचारणाऱ्या माणसाला? मी म्हटलं, “साठ.”

“साठ,” ते म्हणाले. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला आणि फोन ठेवला.

त्यानंतर एक महिना काही नाही. दोन सोमवार बाजारातही दिसले नाहीत. आता बघा, अट माझी, ती मोडली तर सुटका माझी, मग मला चैन पडायला काय हरकत होती? पण दळण नसताना मी गिरणीत जायचे, कारण गिरणीची वाट त्यांच्या गल्लीतून जाते. एकदा त्यांच्या पत्र्याच्या शेडमधून घर्रर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ खाडेंचा, “अरे थांब, थांब, तिकडं कुठं!” मला वाटलं, म्हातारा एकटा राहून राहून भ्रमिष्ट झाला. घरी येऊन मी डोळ्याला पदर लावला, मग स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

दिवाळी होऊन गेली. एका गुरुवारी सकाळी सहाला दारात घंटी वाजली. दाराची नव्हे, सायकलची. मी बाहेर आले.

खाडे उभे होते. अंगात खाकी. बिल्ला नाही, पण इस्त्री कडक. आणि शेजारी ती सायकल! मागच्या चाकात मधोमध डब्याएवढी काळी मोटर, नळ्यांच्या मधल्या जागेत बॅटरीची पेटी, हँडलला तीन हिरवे दिवे, जिकडंतिकडं काळ्या टेपनं गुंडाळलेल्या वायरी. मागच्या कॅरिअरवर भंगारातल्या बसचं खरंखुरं रेक्झिनचं सीट कापून बसवलेलं, पाय ठेवायला दोन्हीकडं लोखंडी दांड्या. समोर लिंबू-मिरची. आणि हँडलच्या पुढं पाटी, पांढऱ्यावर लाल अक्षरं: बोरखिंड विनाथांबा.

“हे काय?” मी म्हटलं.

“इलेक्ट्रिक केली. मोबाईलवर बघून बघून. पहिल्यांदा वायरी उलट्या लागल्या, तर पाठीमागं पळाली. नुसत्या रिव्हर्सवर चालणारी सायकल जगात माझ्याकडंच होती, बाई. चार दिवस.” त्यांचे डोळे असे चमकत होते की मी तिकडं बघूच शकले नाही. “आता ही रेस पिळली की झालं. पायडल मारायचं काम नाही. चार्जिंग फुल. तुमच्या साठ किलोचा हिशेब करून, वाळूचं पोतं बांधून दोनदा खिंडीत जाऊन आलोय. बरोबर पुरती. सहा दहाची गाडी आहे. बसताय ना?”

साठ किलो! मी बहात्तर होते. पण आता तोंडातून ते निघणार कसं?

“घंटी कुठाय?” मी विषय बदलला. हँडलवर घंटी नव्हतीच.

खाडेंनी माझ्या सीटच्या बाजूला बोट केलं. तिथं, बरोबर उजव्या हाताशी, चकचकीत सायकलची घंटी बसवली होती.

“घंटी कंडक्टरच्या हातात असते,” ते म्हणाले. “ड्रायव्हरला घंटीचं काय काम?”

मी आत जाऊन पायात कॅनव्हासचे बूट घातले, पदर कमरेला खोचला आणि ओट्यावरूनच सीटवर बसले. म्हणजे सुरुवातीलाच पाय लागायला नको. सायकल जराशी कुरकुरली. खाडेंनी रेसवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

“आता काय झालं?”

“डबल बेल.”

मी घंटी दिली. ट्रिंग ट्रिंग. आणि सायकल निघाली.

काय सांगू! आवाज नाही, धूर नाही, गचके नाहीत. गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. मारुतीच्या देवळाजवळ पाटलांचे आबा दात घासत होते, त्यांच्या तोंडातली मिसरी तशीच राहिली. मी हात केला. मोठ्यानं ओरडले, “बोरखिंड, बोरखिंड, कुणी बोरखिंड?” तीन वर्षांत मी असं ओरडले नव्हते. गळा मोकळा झाला. खाडेंची पाठ हसायला लागली. पाठ हसते ते मला ओळखता यायचं, अकरा वर्षं तीच तर बघितली होती.

घाट लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. सायकल चढत होती! मागं आमचं गाव लहान लहान होत होतं, थंड वारा कानाला लागत होता आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं. तीन हिरव्या दिव्यांतला एक गेला, तर तिकडं माझं लक्षही नव्हतं.

तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या बरोबर मधोमध म्हैस उभी होती. चांगली धष्टपुष्ट, तोंड आमच्याकडं, रवंथ चालू. तिला बाजूला करायला घंटी माझ्याच हातात. मी वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

खाडेंनी रेस पिळली.

“अहो!” मी ओरडले आणि परत वाजवली. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग!

जेवढी घंटी, तेवढी रेस. म्हैस मोठी मोठी होत गेली. “अहो थांबा, म्हैस! म्हैस!” मी घंटी सोडेना आणि ते रेस सोडेनात. शेवटी म्हशीचं नाक हातभर राहिलं तेव्हा त्यांनी हँडल डावीकडं मारलं. रस्त्याकडेला कुणी भाताच्या पेंढ्याची गंजी रचून ठेवली होती. सायकल गंजीत घुसली, खाडे हँडलावरून तिच्यात डोकं खुपसून गेले, आणि मी उडून वर, थेट गंजीच्या माथ्यावर, उताणी.

 मग मी पाय आभाळाकडं केले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, “लागला नाही! माझा पाय लागला नाही!”

पेंढ्यातून खाडेंचं डोकं बाहेर आलं. केसात काड्या, एका कानात काडी. त्यांनी वर बघितलं. मी अजून दोन्ही पाय वर करून ओरडतच होते, “बघा, बघा! दोन्ही पाय वर आहेत! तुम्ही साक्षी आहात, लागला नाही!”

ते नुसतं बघत राहिले. हळूहळू त्यांचं तोंड पसरत गेलं, आणि मी काय ओरडतेय ते माझ्या मलाच ऐकू आलं. अट मोडून सुटका करून घ्यायला निघालेली बाई ती! मी पाय तसेच वर ठेवून पदरानं तोंड झाकून घेतलं.

“म्हैस दिसत होती ना तुम्हाला?” मी पदराआडून विचारलं.

“दिसत होती की. डोळे म्हणत होते थांब, घंटी म्हणत होती चल. मी काय करू?”

“अहो, ती घंटी म्हशीसाठी होती!”

“मग एकच द्यायची, बाई. डबल बेलला मी थांबत नाही. तुम्हीच लावलेली सवय आहे.”

मग आम्ही दोघं जे हसलो! मी वर, ते खाली, आणि ती म्हैस अजून तिथंच रवंथ करत आमच्याकडं बघत होती. खाडेंनी सायकल बाहेर काढली, पेंढा झटकला, मोटर फिरवून बघितली. चालू होती. मग सायकल गंजीला लावून धरली आणि मी वरून घसरत घसरत सीटवर उतरले. गंजी म्हणजे जमीन नव्हे, असं दोघांनीही एका तोंडानं ठरवलं.

“डबल बेल?” ते म्हणाले. मी म्हशीकडं एक नजर टाकली. ती बाजूला झाली होती. मी दिली.

चौथं वळण. पाचवं. दुसरा हिरवा दिवा गेला. आता माझं लक्ष दुसरीकडं जाईना. सहाव्या वळणावर शेवटचा दिवा हिरव्याचा लाल झाला आणि सायकलचा वेग माणसाच्या चालीवर आला.

“वाळूच्या पोत्याला तर हितं अजून एक हिरवा असायचा,” खाडे मोठ्यानं म्हणाले. “काय झालं असंल? गंजीत वायर ओढली का काय?”

मी कधी नव्हे ते देवाचं नाव घेतलं. सातवं वळण आलं. वर खिंड दिसायला लागली, गजराबाईच्या हॉटेलाचा निळा पत्रा दिसायला लागला, तिच्या चुलीचा धूरसुद्धा दिसायला लागला. दीडशे पावलं असतील. आणि लाल दिवा विझला.

मोटर थांबली. सायकल मागं सरकायला लागली तसे खाडेंनी दोन्ही ब्रेक दाबले आणि उजवा पाय टेकवून उभे राहिले. मी अजून सीटवर, पाय दांड्यांवर.

“थांबा, बाई. उतरू नका,” ते म्हणाले. त्यांनी डावा पाय पायडलवर ठेवला आणि अंगाचा भार दिला. सायकल वीतभर पुढं गेली. गुडघ्यातून कट असा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. त्यांनी परत भार दिला. मानेवरच्या शिरा फुगल्या. परत वीतभर. खाकी शर्ट पाठीला चिकटला. ती पाठ थरथरायला लागली.

अकरा वर्षांत ती पाठ मी थरथरताना बघितली नव्हती.

मी उतरले. दोन्ही पाय डांबरावर ठेवले, एकदम, चांगले दाबून.

खाडेंनी मागं वळून माझ्या बुटांकडं बघितलं. मग समोर बघितलं. “पाय लागला, बाई,” ते हळूच म्हणाले. “विषय संपला.”

“ते नंतर. आधी सांगा, गाडी ब्रेकडाऊन झाली की काय करतात?”

“काय करतात?”

“पॅसेंजर खाली उतरवतात आणि धक्का मारायला लावतात. ते कुणाचं काम?”

“कंडक्टरचं.”

“मग तुम्ही बसा गपचूप. ड्रायव्हरनं सीट सोडायचं नसतं.” मी पदर परत खोचला आणि ओरडले, “चला, सगळे पॅसेंजर खाली! धक्का मारा! जोर लावा!” सगळे पॅसेंजर म्हणजे मीच. सीटला दोन्ही हात लावले आणि ढकलायला लागले.

खाडे उतरायला बघत होते. मी एकच बेल दिली तसे थांबले. मग डबल दिली, तसे बसले. तो खाकीतला माणूस हँडल धरून ताठ बसलेला, आणि मी मागून धापा टाकत, शिव्या देत, हसत ती सायकल चढाला लावतेय. दहा पावलांवर दम खायला थांबायचे, सिंगल बेल. निघायचे, डबल बेल.

“ड्रायव्हर, एक सांगायचंय,” मी मध्येच म्हटलं. पुढं तोंड नव्हतं, पाठ होती, म्हणून सांगता आलं. “बॅटरी तुमची बरोबर होती. माझं वजन साठ नाही. बहात्तर आहे.”

“ठाऊक आहे.”

मी ढकलायची थांबले. “काय ठाऊक आहे?”

“अकरा वर्षं तुम्ही मागच्या दारातून चढलात की गाडी दबायची. मला सीटवर कळायचं. साठला एवढी दबत नाही.”

“मग मोठी बॅटरी का नाही घेतलीत हो, मेल्या!” हे मेल्या तोंडातून निघून गेलं ते गेलंच.

“कंडक्टरनं आकडा सांगितला की ड्रायव्हर उलट विचारत नाही,” खाडे म्हणाले.

गजराबाई हॉटेलाच्या दारात येऊन उभी होती. गेल्या महिन्यात खाडे दोनदा वाळूचं पोतं घेऊन आले होते, तेव्हाच तिला अटीचं कळलं होतं. आम्हाला बघून तिनं कमरेवर हात ठेवले. “म्याडम! पाय लागला का?”

“लागला,” मी म्हटलं. “दोन्ही लागले.”

“अगं बाई!” गजराबाई म्हणाली, आणि दोन चहा टाकायला आत गेली.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. माझ्या केसात अडकलेली पेंढ्याची काडी काढून खाडेंनी बाजूला ठेवली. चहा आला. खाडे कपाकडं बघत होते. मी वाट बघितली.  नियम म्हणजे नियम असलेला माणूस. विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरलं होतं, म्हणजे हा मरेपर्यंत काढणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. खिंडीतून खाली उतरलो की हे आपल्या गल्लीला, मी माझ्या गल्लीला. दोन ताटं, दोन कुलपं. मी कप बाकावर ठेवून दिला.

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

“विषय तुम्ही काढायचा नाही असं ठरलं होतं,” मी म्हटलं. “मी काढायचा नाही, असं कुठं ठरलं होतं?”

खाडेंनी वर बघितलं.

“मग लग्नाचं काय ठरवलंत, ड्रायव्हर?”

आत गजराबाईच्या हातातून काहीतरी पडलं. खाडेंनी कप दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“बाई, आधी एक विचारू? डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरना तुम्ही भाऊ म्हणायचात. मला तेवढं नुसतं ड्रायव्हर. का?”

“तुम्ही आधी सांगा. राखीपौर्णिमेला दर वर्षी पळून का जायचात?”

त्यांनी गुडघा चोळला. “मुक्कामाची गाडी मागून घ्यायचो,” ते म्हणाले. “थांबलो असतो तर हात पुढं करावा लागला असता. तुम्ही बांधली असतीत. मग संपलंच की.”

अकरा वर्षं! अकरा वर्षं हा माणूस कुठल्या कुठल्या गावात, गाडीच्या टपावर, डास मारत झोपला, आणि मी कँटीनमध्ये त्याला चिकट म्हणत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. दोन्ही आवरेना.

“फुकट गेलात हो,” मी म्हटलं. “आपल्या डेपोत ड्रायव्हर किती होते?”

“एकोणीस.”

“आणि मी राख्या किती आणायचे?”

खाडेंना ठाऊक होतं. सगळ्या डेपोला ठाऊक होतं, मी मोजूनच आणायचे. “अठरा,” ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, आधी माझ्याकडं धरला, मग स्वतःच वापरला.

गजराबाईनं चहाचे पैसे घेतले नाहीत. वर साखरेची चिमूट दोघांच्या हातावर ठेवली.

परत निघालो. उताराला बॅटरी लागत नाही. मी या वेळी ओट्यावरून नव्हे, चांगला जमिनीवर पाय रोवून सीटवर बसले. खाडेंनी ब्रेक धरले आणि तसेच बसून राहिले.

“तुम्ही अजून सांगितलं नाहीत, काय ठरवलंत ते,” मी म्हटलं.

“ड्रायव्हर काय ठरवतो?” खाडे समोर बघत म्हणाले. पाठ हसत होती. “घंटी तुमच्या हातात आहे.”

मी घंटीवर बोट ठेवलं.  आणि दिली. ट्रिंग ट्रिंग.

मग काय, सुटलो! सातवं, सहावं, पाचवं वळण. वारा तोंडात भरत होता, पाटी खडखडत होती, मी पुन्हा पुन्हा डबल बेल देत होते आणि खाडे खरंच ब्रेक सोडत होते. गाव आमच्याकडं धावत येत होतं.

तिसऱ्या वळणावर तीच म्हैस उभी होती.

या वेळी मी एकच दिली. खाडे थांबले. म्हशीनं आमच्याकडं एकदा बघितलं, शेपटी उडवली आणि सावकाश रस्ता ओलांडून गंजीकडं गेली. आम्हाला काही घाई नव्हती. ती पूर्ण पलीकडं जाऊ दिली, आणि मग मी परत दोनदा वाजवली.